म्हाताऱ्याचा मोजा

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर जेवताना, करमणूक म्हणून वाचत आलो. असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता. स्वतः लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं... सवय नाही, सांभाळून घ्या.

आम्ही लंडनमध्ये स्टॅनमोरला राहतो. म्हणजे, आता मी राहतो. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. लिव्हिंग रूममध्ये रेडिएटरच्या वर एक चित्र आहे. माझी बायको शर्वरी हिने ते जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा जर्मन चित्रकाराचं, पेन आणि काळ्या शाईचं. वाकड्यातिकड्या झाडांचं जंगल, बर्फ, आणि ओंडक्यावर बसलेला एक राक्षस — टक्कल, लांब नखं, ओठांबाहेर आलेले दात, अनवाणी पाय. शर्वरी त्याला 'म्हातारा' म्हणायची. ऑफिसातून आली की मला हाक मारायच्या आधी त्याच्याकडे बघायची.

"पाय बघ रे त्याचे. गारठलाय बिचारा."

"माझेही गारठलेत," मी म्हणायचो.

"तुला हीटिंग आहे."

मी हसण्यावारी न्यायचो, पण मला ते खरंच लागायचं. आजारपणात तर ती सोफ्यावर पडून तासन्‌तास त्याच्याकडेच बघत असे. त्याच दिवसांत तिने माझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले. वरच्या काठाला वेणीची वीण. एक पूर्ण झाला. दुसरा टाचेपर्यंत आला आणि... ती गेली. तो अर्धा मोजा सुयांसकट मी तिच्या पिशवीत ठेवून दिला.

त्यानंतर मी वाट बघत होतो. कशाची, ते सांगायला लाज वाटते. विश्वास नसलेला माणूस खुणेची वाट बघत होता — एखादा वास, एखादं स्वप्न, काहीही. काही आलं नाही.

मार्चमध्ये तिची धाकटी बहीण मुग्धा मिल्टन कीन्सहून कपडे आवरायला आली. दुपार होती, चक्क ऊन होतं. चहाचा कप हातात घेऊन ती चित्रासमोर थांबली.

"जिजू, याच्या पायात मोजा होता का?"

डाव्या पायात मोजा होता. शाईच्या बारीक रेघांनी काढलेला, काठाला तीच वेणी. फ्रेमच्या मागची कागदी पट्टी जशीच्या तशी चिकटलेली, म्हणजे ती कुणी उघडलेली नव्हती. मुग्धाच्या फोनमध्ये दिवाळीचा फोटो निघाला: सोफ्यावर शर्वरी, मागे चित्र, म्हाताऱ्याचे दोन्ही पाय उघडे. मग आम्ही पिशवी उघडली. सुया होत्या. मोजा नव्हता.

"ताईने पूर्ण केला," मुग्धा रडत म्हणाली. "बरं नाही वाटत तुम्हाला?"

बरं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात एकच आलं — तो माझा होता. ती परत आली, आणि त्याच्याकडे गेली.

स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. चित्र काढून टाकवत नाही... खूण आली ती तिथेच. फक्त माझ्या वाट्याचा एक मोजा मी पायातून काढत नाही. अंघोळीपुरता काढला तर बाथरूमचं दार आतून लावून घेतो. म्हाताऱ्याचा उजवा पाय अजून उघडा आहे.