पाचवा बोर्ड

१९८६ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा. त्या साली हडपसरच्या आमच्या कारखान्यात मी जे केलं ते कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही, आणि ती आता नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. रोज लिहायला बसतो आणि उठतो.

शाळा चौथीपर्यंत. पण लिफ्टचे कंट्रोल बोर्ड तपासण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता — हे आजही म्हणतो. बोर्डाला सहा बटणं, त्यांच्या चालू-बंदच्या चौसष्ट जोड्या. मी चौसष्टही लावून दिवा बरोबर लागतो का बघायचो. दिवसाला दहा बोर्ड.

मग विद्या आली. नवी इंजिनिअर, नोकरी अजून कच्ची. महिनाभर माझ्याशेजारी स्टुलावर बसली. कुठला सांधा सुटतो, कुठली तार चिकटते — मलाच विचारलं. मी सांगितलंही. आणि एक दिवस तिने कागद पुढे ठेवला.

"काका, यातल्या नऊच जोड्या पुरतात. कुठलाही सांधा सुटला तरी नवांपैकी एकीत उघडा पडतोच."

"मग उरलेल्या पंचावन्न मी काय नवस म्हणून लावत होतो?"

ती हसली. मी नाही.

साहेबांनी परीक्षा ठरवली. पाच बोर्ड. दोष मी घालायचे, कुठे घातले ते लिहून बंद पाकीट साहेबांकडे द्यायचं, आणि तिने नऊ जोड्यांत शोधायचे. जमलं तर तिचा कागद लागू, तिची नोकरी पक्की.

मी — कसं लिहू — पाच दोष लिहिले. सांधे चारच तोडले. तिने चारही पकडले. पाचव्याला "ठीक" म्हणाली. ठीकच होता तो. टेबलावरून उचलताना मी मुठीतल्या बारीक पक्कडीने त्याचा सांधा तोडला.

पाकीट फोडलं. तिने पाचवा पुन्हा लावून पाहिला — आता दिवा लागेना. "मीच एखादी जोडी चुकवली असेन," म्हणाली. माझा संशय तिला शिवलासुद्धा नाही. का यावा? दोष कुठे होतात ते तिला मीच शिकवलं होतं ना?

"नऊसुद्धा धड लावता येत नाहीत," साहेब म्हणाले. "लिफ्टमध्ये माणसं चढतात, बाई."

संध्याकाळी तिचा हिशेब झाला. जाताना माझ्यापाशी थांबली. "काका, तुमचा फार वेळ घेतला."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं, तिचा कागद पुढ्यात ठेवला, आणि त्यातल्या नऊ जोड्या लावून दिवसाचे दहाही बोर्ड चहाच्या सुट्टीआधी संपवले.