बाबांना बाहेरचं सगळं चालतं

माझ्या वडिलांना डुकराच्या मांसाचं डंपलिंग आवडतं, हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही.

आधी मागचं सांगते, नाहीतर वाटेल, म्हाताऱ्या बापाच्या ताटावर ही बया कशाला डोळा ठेवते. माझं माहेर कडक शाकाहारी. अंड्याचा केकसुद्धा घरात येत नसे. सासर मालवणकडचं, सासूबाईंच्या आईने बंदरावर मासळी विकून पोरं वाढवली. लग्नाला बाबा आले, पण सासरच्या घरात पाऊल टाकलं ते थेट माझ्या मुलीच्या बारशाला. सासूबाईंनी त्यांच्यासाठी कोरी भांडी आणली होती, वेगळी शेगडी आणली होती. पुरणपोळीचा घाट घातला होता. बाबा म्हणाले, "आज माझा उपास आहे." ती माउली आत गेली आणि साबुदाण्याची खिचडी करून घेऊन आली. तर म्हणाले, "निर्जळी आहे." बुधवार होता. बुधवारी कसला डोंबलाचा निर्जळी उपास!

सासूबाईंनी खिचडीची ताटली आत नेऊन ठेवली. मला एवढंच म्हणाल्या, "आपल्या भिंतींना मासळीचा वास असतो गो, त्यांना सोसत नसेल."

आता आम्ही अमेरिकेत जर्सी सिटीत राहतो आणि सासूबाई आमच्याकडेच असतात. माझी आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून या उन्हाळ्यात त्यांना बोलावून घेतलं. आल्या आल्या त्यांनी वेगळा कुकर मागितला. मी आणला. "माझं मी करून घेईन," म्हणाले. मग किचनमध्ये त्यांचंच राज्य. सासूबाई आपणहून बाजूला झाल्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाच्या घरात ही बाई खोलीत बसून वाट बघायची, बाबांचं आटपलं का म्हणून. मासे बंदच. एकदा बाबांचा कुकर गॅसवर राहिला होता, तो सासूबाईंनी नुसता बंद केला. बाबांनी तो भात त्यांच्या डोळ्यांदेखत सिंकमध्ये ओतला आणि म्हणाले, "गिचका झाला." मी उघडून बघितला होता. चांगला मोकळा झाला होता तो भात.

त्या शनिवारी नवरा ऑफिसच्या कामासाठी टेक्ससला गेला होता. माझी मुलगी दिवसरात्र कोरियन सिरियली बघते. तिने हट्ट धरला म्हणून आम्ही चौघं एका कोरियन रेस्टॉरंटमध्ये गेलो. तिथे नूडल्स आणि डंपलिंग, एवढंच मिळतं, पण दाराबाहेर ही रांग. आत टेबलाला टेबल चिकटलेलं. ताटल्या आदळत एक बाई आली आणि न मागता किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं तिखट लोणचं, ठेवून गेली. मी मेनूत शोध शोध शोधून बाबांसाठी एकमेव शाकाहारी पदार्थ मागवला, सोयाबीनच्या गार दुधातल्या नूडल्स. बाकी सगळ्यांना कोंबडीच्या सुपातल्या. शिवाय डंपलिंग.

बाबांनी गार नूडल्सचा एक घास घेतला आणि वाडगा असा काही सरकवला, जणू मी त्यात एरंडेल घातलं होतं. मग किमची खाल्ली. पुन्हा घेतली. मी म्हटलं, "बाबा, त्यात माशाचा सॉस असतो."

"असेल थोडासा. फर्स्टक्लास आहे पण."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. एवढ्यात त्यांनी नातीच्या वाडग्यात चमचा घातला. "बघू गं, कसं आहे," म्हणत सूप प्यायले, भुरके मारून. आणि मग समोरचं डंपलिंग उचललं. करंजीसारखी मुरड घातलेलं, वाफाळतं.

मुलगी म्हणाली, "आजोबा, यू नो दॅट्स पोर्क, राइट?"

"माहितीये," बाबा म्हणाले आणि अख्खं तोंडात टाकलं. "तुझ्या मामाकडे सिंगापूरला खाल्लंय मी. तिथलं एवढं रसाळ नव्हतं."

सिंगापूरला! म्हणजे हे आजचं नाही. म्हणजे सिंगापूरला डुक्कर पचवून आलेला हा माणूस माझ्या घरी येऊन मला नवा कुकर आणायला लावतो!

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. खरंच उजळला होता. त्यांना वाटलं, सुटला एकदाचा हा गुंता. किती भाबडं असावं माणसाने! त्यांनी बाबांच्या बशीत आणखी दोन डंपलिंग वाढली आणि हौसेने म्हणाल्या, "व्याही, मग उद्या मी करते काहीतरी. शाकाहारीच करते. भरली वांगी करू? कांदासुद्धा घालत नाही."

बाबांनी दोन्ही डंपलिंग संपवली. टिश्यूने तोंड पुसलं. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "नको हो विहीणबाई. बाहेर काय, बाहेरचं सगळं चालतं. घरात पाळावं लागतं ना."

बस्स. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय पाळावं लागतं?" मी ओरडलेच. "कुणाकुणाच्या हातचं डुक्कर चालतं, आणि यांच्या हातचं वांगं चालत नाही? मग पाळता काय तुम्ही? जातच ना? सांगा ना तोंडाने!"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! बारशाला ही बाई खिचडीची ताटली हातात धरून उभी होती, तेव्हा नाही बघितलं कुणी?"

मुलगी रडवेली झाली, "मॉम, स्टॉप." शेजारच्या टेबलावरचे लोक खायचे थांबले होते. बाबा फोन काढून त्यात बघत बसले. अजूनही माझी मूठ वळते ते आठवलं की. आयुष्यभर मी या माणसाला तत्त्वाचा पक्का म्हणत आले. आईसुद्धा तेच म्हणत गेली बिचारी.

सासूबाई माझा हात धरून म्हणाल्या, "बस खाली." मी बसले. त्यांनी समोरची रिकामी बशी बाजूला सारली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे वास मासळीचा नव्हताच. मी उगाच घर घासत बसले."

त्यांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. नातीकडे वळल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी चांगली कोलंबी मिळते का बघ गो. घरात मीच रांधणार. ज्यांना चालत नाही, त्यांना बाहेरचं चालतं."

दुसऱ्या दिवशी घरात कोलंबीचं कालवण शिजलं. भरली वांगीही केली त्यांनी, बाबांचं पान वाढून ठेवलं. बाबा खाली लॉबीतल्या सोफ्यावर जाऊन बसले होते. मी त्यांना बोलवायला गेले नाही.