पेडल तळाला गेलं त्या दिवशी

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई — बायकोलासुद्धा. सांगायला बसलो की मी नुसता ब्रेकबद्दलच बोलत सुटतो. माझा मलाच वैताग येतो.

बघा, आता पुन्हा तेच. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ पडला होता आणि औशाकडच्या गावांना पाणी पोचवणारा एक जुनाट टँकर आम्हा दोघांकडं होता — एक दिवस मी, एक दिवस उदगीरचे बसवप्पाअण्णा. त्याचं ब्रेकचं पेडल मऊ पडलेलं. पायानं दोनदा पंप मारला की कडक लागायचं. पाय दाबून धरला की हळूहळू खाली बसायचं. ब्रेकला तेलाचं प्रेशर देणारा मास्टर सिलिंडर आतल्या आत ते सोडत होता. त्याचं दुरुस्तीचं किट मागावं, तर नवं ऑफिस म्हणायचं जुन्या जिल्ह्याला विचारा. जुनं म्हणायचं, तुम्ही आता आमचे न्हाईत. डोकं फिरायचं!

पण ते जाऊ द्या. त्या सकाळी चावी देताना अण्णा स्पष्ट बोलले होते, "काल पेडल पार तळाला गेलं. गाडी काढू नको. लई धोका हाय."

मी दोनदा पंप मारला. कडक लागलं. काढली गाडी.

गावाच्या उतारावर पेडल तळाला टेकलं — पंप मारला, पुन्हा मारला — काहीच न्हाई. हँडब्रेक नावालाच. समोर विहिरीभोवती बायका. मी गाडी भिंतीवर घातली. त्या भिंतीच्या सावलीला सरूबाई घागर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा पाय कायमचा गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "पेडल तळाला जातंय, हे तुला माहीत होतं?"

काय म्हणालो मी? "न्हाई साहेब. अण्णांनी सांगितलंच न्हाई."

"आरं, तोंडावर सांगितलं की तुला!" अण्णा ओरडले. पण साक्षीला कोण होतं? त्यांना कामावरून काढलं. मी टँकर चालवत राहिलो.

पुढं कितीतरी वर्षांनी अण्णा वारले, तेव्हा मी उदगीरला गेलो. कशाला? खरं सांगायलाच की! त्यांच्या थोरल्या मुलानं मला बाजूला घेतलं. "काका, त्या दिवशी बाबा सांगायला इसरले होते का? शेवटपर्यंत म्हणायचे, मी सांगितलं होतं."

आणि मी — त्याच्या खांद्यावर हात ठेवून — म्हणालो, "जाऊ दे बाळा. इसरतं माणूस."

त्यानं बापाच्या वतीनं माझी माफी मागितली. मी ती घेतली.