सांबार उपटल्यानंतरचा फोटो

सांबाराचा, म्हणजे पुणेकरांच्या कोथिंबिरीचा, वास आला की अमरावतीजवळचं मावशीचं वावर आठवतं. कसण्यासाठी पट्ट्यानं दिलेली ती जमीन उपग्रहाच्या फोटोत पडीक दिसली तर सरकार परत घेणार होतं. माणूस पाठवायला यांना जीप मिळत नाही! मी मावशीला मोबाईलवर उपग्रहाचा सरकता ठिपका दाखवला. "हा ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरते, खाली पृथ्वी वळते, म्हणून आपल्यावर रोज येत नाही. आज आला." मावशीनं उघड्या वाफ्यांकडे पाहिलं. कालच्या बाजारासाठी सगळा सांबार मुळासकट उपटला होता. "त्याले थांब म्हण ना बाप्पा, नवा उगवला की ये म्हण!" ठिपका डोक्यावरून गेला; आभाळात काहीच दिसलं नाही. आज तिथं सरकारी तारेचं कुंपण आहे, आत कुणी काही पेरत नाही. उपग्रह ठरल्या वेळी येतोच, आणि आता त्याचा फोटो खरा असतो.