लटारूचा झाकून ठेवलेला भात

अठ्ठावन्न साली आमची पलटण गाझापट्टीत होती. शांतिसेनेचं काम. समोर वाळू, मागे वाळू, मधे काटेरी तार आणि तारेच्या कडेने गस्त. लढाई नव्हती, त्यामुळे माणसाला विचार करायला वेळ फार मिळे, आणि शिपायाला ते सोसत नाही. मी तेव्हा हवालदार होतो. एप्रिल लागायच्या आधी मी रजेचा अर्ज घेऊन मेजरसाहेबांपुढे उभा राहिलो.

"इटली?" साहेब म्हणाले. "क्या काम है?"

"खाना खाना है, साब."

"किसके साथ?"

"एक दोस्त के साथ, साब. पुरानी लढाई का."

साहेबांनी मान वर करून पाहिलं. मग सही केली. रसद आणायला नेपल्सला विमान जात असे, त्यात रिकाम्या जागेवर रजेच्या माणसाला बसवत. तसा मी गेलो.

गावात आजही कोणी विचारतं, हवालदारभाऊ, तुम्ही व्हेनिस पाहिलं म्हणे, काय पाहिलं? मी म्हणतो, भात पाहिला. लोक हसतात. हसू देत. पण खरं उत्तर तेच आहे, आणि ते सांगायचं तर तेरा वर्षं मागे जावं लागतं.

मी आरमोरीचा. लटारू आरमोरीपासून दोन कोसांवरच्या गावचा, वैनगंगेच्या काठचा. भरती दोघांची एकाच दिवशी झाली. कंपनीत बाकी सगळे घाटावरचे, भाकरी-चपाती खाणारे. झाडीपट्टीचे आम्ही दोघंच, आणि आम्हाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. इटलीत भात आठवड्यातून एकदा येई, तोही नशीब असेल तर. लटारू सिग्नलवाला होता. टेलिफोनची तार टाकायची, तुटली की जोडायची, हे त्याचं काम. तोंडाने बडबड्या. कोणाकडून तरी त्याने ऐकलं होतं की व्हेनिस नावाच्या गावात रस्त्यांऐवजी पाणी आहे आणि लोक भात खातात. "आपल्या बांधीसारखंच असन तं," तो म्हणायचा. बांधी म्हणजे आमच्याकडचं पाण्याने भरलेलं भातखाचर. "लढाई सरली का तिथी जाऊन पोटभर भात खाऊ, सदा."

पंचेचाळीसचा एप्रिल. आम्ही एका नदीच्या अलीकडे होतो. नदी म्हणजे कालवाच, पण दोन्ही काठांना दोन माणसं उंचीचे मातीचे बांध. पलीकडच्या बांधात जर्मन. संध्याकाळी हल्ला होता. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं, रसद मागे अडकली होती. दुपारी जीप आली. झाकण उघडलं तर भात आणि डाळ. कंपनीने नाक मुरडलं, आम्ही दोघं हसलो.

मेस टिन भरून घेतले आणि नेमकी लाइन डेड झाली. प्लाटून कमांडरने टेलिफोनचं हँडल फिरवून पाहिलं.

"नथिंग हर्ड. लटारू, लाइन देख."

"जी, साब." त्याने आपला टिन माझ्या हातात दिला. "सदा, माहा वाटा झाकून ठेव. आलोच मी."

मी त्याच्या टिनावर माझ्या टिनाचं झाकण घातलं. तो वाकून बांधाच्या कडेने गेला. थोड्या वेळाने टेलिफोन वाजला. जवळ मीच होतो.

"लाइन ओके," लटारू म्हणाला. "भात ठेवला ना?"

"ठेवला. ये लवकर."

तेवढ्यात गोळा पडला. आधी टेलिफोनमधून ऐकू आला आणि मग कानाने. लाइन पुन्हा डेड झाली.

संध्याकाळी आम्ही नदी ओलांडली. निघताना मला कोणीतरी म्हणालं, ते खाऊन टाक नाहीतर फेकून दे. माझ्याने दोन्ही झालं नाही. टिन तसाच झाकलेला बांधावर ठेवून मी पुढे गेलो. मागून त्याचं दहन केलं आणि राख त्याच नदीत सोडली. लढाई संपल्यावर पलटणीतले लोक पाळीपाळीने व्हेनिस पाहायला गेले. मी गेलो नाही.

शेहेचाळीस साली रजेवर आलो, वडश्याच्या स्टेशनावर छोट्या रेल्वेगाडीतून उतरलो आणि आधी लटारूच्या घरी गेलो. त्याची माय एकटी. बाप आधीच गेलेला, दुसरं मूल नाही. तार तिला केव्हाच मिळाली होती. तिचं रडून झालेलं होतं. तिला एकच विचारायचं होतं.

"मराच्या आंधी जेवला होता का, बाबू?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण त्या म्हातारीपुढे नाही आलं. जे झालं ते सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे भात तसाच झाकलेला राह्यला."

त्या रात्रीपासून ती लटारूच्या पितळी थाळीत भात वाढायची, वरून दुसरी थाळी झाकायची आणि चुलीजवळ ठेवायची. सकाळी तो गाईला घालायची. एक दिवस नाही, एक वर्ष नाही, सतत. गावातले म्हणत, म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं अगदी ठिकाणावर होतं. मी एकदा समजावायला गेलो तर मलाच फैलावर घेतलं. "तो उपाशी गेला. तिथी त्याले कोनं जेवू घातलं? मले सांग. घातलं का मी झाकनं बंद करतो."

गाझाला निघायच्या आधी निरोप घ्यायला गेलो. गाझा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण समुद्रापलीकडे, इटलीच्या बाजूला, एवढं तिने काढून घेतलं. आत गेली आणि पळसाच्या पानांची पत्रावळ घेऊन आली. स्वतः टोचलेली, वाळवून सपाट केलेली, फडक्यात बांधलेली.

"तिकडं जाऊन राह्यलास ना? मंग त्याले यावर भात वाढ. भातच. दुसरं काई नाई."

ती पत्रावळ मी किटबॅगच्या तळाशी, दोन शर्टांच्या मधे ठेवली. इन्स्पेक्शनला एका साहेबाने विचारलं, हे काय? म्हटलं, साब, प्लेट.

तर नेपल्सहून आगगाडीने मी आधी त्या नदीवर गेलो. बांध होता. त्यावर गवत माजलेलं आणि खाली द्राक्षाचे वेल. आमच्या खंदकाची जागा मला सापडली नाही. गावातल्या खानावळीत ब्रेड आणि पिठाच्या उकडलेल्या पट्ट्या. लढाईत शिकलेले दहा-बारा इटालियन शब्द अजून जिभेवर होते. विचारलं, रिझो? भात? मालकाने मान हलवली आणि उत्तरेकडे हात केला. वेनेत्सिया, म्हणजे व्हेनिस. मग मी मनाशी हिशेब केला. ही नदी ज्या समुद्राला मिळते त्याच समुद्रात ते गाव उभं आहे. राख गेली असेल तर तिकडेच गेली असेल. गाडी पकडली.

व्हेनिसच्या स्टेशनाबाहेर पायऱ्या उतरल्या की पाणीच. लटारूचं ऐकलेलं खरं होतं. फक्त बांधीसारखं नव्हतं, बांधीत काहीतरी उगवतं. लोक जोडीजोडीने हिंडत होते. हजारो माणसांत मी एकटाच होतो आणि माझ्याशी बोलायला एक पत्रावळ होती. सांगायला लाज नाही, त्या पायऱ्यांवर बसून मला रडू आलं. मग उठलो, कारण पोटात कावळे ओरडत होते आणि काम व्हायचं होतं.

मोठ्या चौकात गेलो. खुर्च्या मांडलेल्या, बाजा वाजतोय, वेटर जनरलसाहेबांसारखे कपडे घालून. बसलो. भावाचा कागद वाचला. उठलो. एका कॉफीच्या भावात आमच्या मेसमध्ये दहा जणांचा सेक्शन जेवला असता. पुढे कळलं की तिथे बसण्याचे पैसे वेगळे आणि बाजा ऐकण्याचेही वेगळे. ऐकायचा नसला तरी.

मग मी रेकी केली. आता तुमच्यापैकी कोणी त्या गावी जाणार असेल तर ऐकून ठेवा. चौक दिसला की पाठ फिरवायची. दारात उभा राहून हात धरून बोलावणारा असेल तिथे जायचं नाही. भावाचा कागद बाहेर लावलेला नसेल तर पुढे चला. ब्रेडची टोपली न मागता येते आणि बिलात बसते, तेव्हा ती आधीच परत करायची. उभ्याने खाल्लं तर स्वस्त, बसून महाग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओझी वाहणारे दुपारी कुठे जातात ते पाहायचं. हमालाला कोणी फसवू शकत नाही, कुठल्याच देशात.

मासळीबाजारात हमाल होते. माशांच्या पेट्या ढकलून झाल्यावर ते एका बोळात शिरत. मी मागून गेलो. एक खोली, सहा टेबलं, भिंतीशी चूल. मालकीण साठीची, काळे कपडे, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. चुलीवरच्या भांड्यात मी डोकावलो. भात. पेजेपेक्षा थोडा घट्ट, त्यात नवा हिरवा वाटाणा.

दोन बोटं दाखवली. "दुए."

तिने कोपऱ्यातलं दोन खुर्च्यांचं टेबल दाखवलं. मी बसलो. समोरच्या रिकाम्या जागेपुढे फडकं सोडलं आणि पत्रावळ मांडली. एवढ्या प्रवासात तिचं एक पान सुटलं नव्हतं.

बाईने एक थाळी माझ्यापुढे ठेवली. दुसरी भरली, पण आणली नाही. चुलीच्या कडेला ठेवली, तिच्यावर दुसरी थाळी पालथी घातली आणि दाराकडे बोट दाखवून मला काहीतरी सांगितलं. शब्द कळले नाहीत. कळायची गरजच नव्हती. तुझा माणूस आला की देते, गार होईल.

मी त्या झाकलेल्या थाळीकडे पाहत राहिलो. मला तो बांध दिसला. हातात जणू तोच टेलिफोन होता. चमचा खाली ठेवला. ती लांबून खुणावत होती, तू खा, तू खा. मी मान हलवत होतो. शेवटी ती जवळ आली आणि पुन्हा दाराकडे बोट केलं. तो कधी येणार?

"मोर्तो," मी म्हणालो. मेला. "सोल्दातो. क्वी, इन इतालिया." शिपाई होता. इथेच, इटलीत.

तिने पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चुलीपाशी गेली, वरची थाळी काढली आणि भात घेऊन आली. थाळी खाली ठेवली नाही. पत्रावळीवर चमच्याने स्वतः वाढला, मधोमध, कडेला सांडू न देता. वाफ येत होती. तिने एकदा हाताने खूण केली, आता खा. तेव्हा मी जेवलो.

तेवढ्यात हमालांची दुसरी टोळी आली. जागा कमी पडली. एकाने लटारूच्या खुर्चीला हात घातला.

"फेर्मो!" ती चुलीपासून ओरडली.

हॉल्ट कुठल्याही भाषेत कळतो. त्या हमालाने हात काढला, पत्रावळ पाहिली, टोपी काढून काखेत धरली आणि भिंतीला टेकून उभ्याने जेवला. माझं जेवण होईपर्यंत त्या गर्दीत ती खुर्ची रिकामी राहिली.

उठताना मी पैसे पुढे केले. तिने दोन थाळ्यांचे घेतले, पुरते. याचं मला फार बरं वाटलं. फुकट दिलं असतं तर ते जेवण तिचं झालं असतं. तिने बाकीचं काहीच विचारलं नाही, फक्त पत्रावळ उचलताना कडा धरायला मदत केली.

मी ती दोन्ही हातांवर धरून बोळाच्या टोकाला गेलो. पाण्याला लागून पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर ठेवली आणि म्हणालो, "लटारू, जेव." वाट पाहत बसलो. कावळा त्या गावात दिसला नाही. एक मोठा पांढरा समुद्रपक्षी उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि खायला लागला. नंतर पाणी चढलं आणि पत्रावळ घेऊन गेलं.

पुढच्या वर्षी पलटण परतली. वडश्याहून सरळ तिच्या घरी गेलो. माय अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"जेवला?"

"जेवला, माय."

"भातच होता ना?"

"भातच. वाटाना घातलेला."

"गरम?"

"वाफ येऊन राह्यली होती."

"कोनं वाढलं?"

"एका बाईनं. तुह्याएवढी असन."

सूप थांबलं. "कावळा शिवला का?"

"कावळा नाई तिथी. पांढरा पक्षी आला होता. त्यानं खाल्लं."

ती विचारात पडली. कावळा नाही म्हणून सगळं फुकट गेलं असं म्हणाली असती तर मी काय करणार होतो?

"पांढरा असन," ती म्हणाली. "मुलूकच गोऱ्याइचा."

संध्याकाळी तिने भात रांधला. मी मुद्दाम थांबलो होतो. तिने फळीवरून लटारूची थाळी काढली. राखेने घासली, धुतली, पदराने पुसली. भात वाढला. मी झाकणाच्या थाळीकडे पाहत होतो. तिने ती उचललीच नाही. भरलेली थाळी माझ्यापुढे सरकवली.

"हे आता तुही. गरम हाय तवरच जेव."

मी जेवलो. ती समोर बसून पाहत होती, आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही.

माय गेली त्याला बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, घरात दुसरं कोणी नाही. शिपाई लटारू, सिग्नलवाला, तुटलेली लाइन जोडून मेला. तिकडे दगडावर नाव कोरलं असेल तर असेल, मी पाहिलं नाही. त्याची थाळी माझ्याकडे आहे. एकट्यापुरता भात रांधतो आणि तिच्यातच वाढून घेतो. गरम असतानाच जेवतो. तशी ऑर्डर आहे.