दत्ताबाबांच्या झोपेची राखण

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढे चहा तोंडात असताना हसलात तर माझा टेबलक्लॉथ खराब होईल, आणि तो मी म्हापशाच्या बाजारातून नवाकोरा आणलाय. किस्सा माझाच आहे, गाढवपणाही माझाच. दुसऱ्या कुणाचा असता तर कसा मिटक्या मारत सांगितला असता! पण काय करता, या खेपेला गाढव घरचंच निघालं.

तर मी राहते हळर्णला. घरी बसून लोकांच्या वेबसाईट बनवते आणि सांभाळते. नवरा जहाजावर, सहा सहा महिने समुद्रात. घरात मी, सासूबाई आणि एक आळशी मांजर.

माझं डिचोलीचं गिऱ्हाईक म्हणजे दत्ताबाब. बाजारात त्यांचं काजू, सोलं आणि माडाच्या गुळाचं दुकान आहे. दीड वर्षापूर्वी मी त्यांना माल विकायची वेबसाईट करून दिली. काय त्यांच्या अटी! काजूचा फोटो घरच्याच ताटलीत काढायचा. गणपती उजव्याच कोपऱ्यात पाहिजे. सोलांच्या खाली 'धुवून वापरा' लिहायचं. मी आपली 'हो बाब, करते बाब' म्हणत गेले, सगळं केलं आणि विसरून गेले.

यंदा दत्ताबाबांच्या छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता झोप हेच औषध. आणि नेमकी झोपच येईना! कारण पावसात एकदा ती वेबसाईट दोन दिवस बंद पडली होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. तेव्हापासून रात्री दर अर्ध्या तासाने उठून दत्ताबाब फोनवर बघायचे, साईट उघडी आहे ना? फक्त दुपारी एकला दुकानाचं शटर खाली आलं की चारपर्यंत त्यांना अगदी ढाराढूर झोप लागायची. दुपारीच का, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्यांच्या बायकोने, काकींनी, मला फोन केला. "हे बघ बाय, दुपारची तेवढीच झोप उरलीय त्यांची. उद्या तीही गेली तर ती वेबसाईट मी मोडून टाकणार. काजू नाही खपले तरी चालतील, माझा माणूस राहायला हवा."

मला अगदी गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मी नको तेवढी छाती पुढे काढते. म्हटलं, "काकी, आजपासून मशीन जागं राहील. बाबांनी निवांत झोपायचं!"

आता हे मशीन म्हणजे काय, ऐका. एक मशीन असतं, गावच्या राखणदारासारखं. दर मिनिटाला वेबसाईटचं दार ठोठावतं. दार उघडलं की गप्प. नाही उघडलं की बोंब मारतं, पण ती कुणाच्या कानावर जाईल याची त्याला फिकीर नसते. म्हणून दुसरं मशीन. ते ती बोंब ऐकतं आणि माणसांना फोन लावत सुटतं. कुणीतरी एक आकडा दाबून 'हो बाई, बघते' म्हणेपर्यंत सोडत नाही. या दोघांची मी सोयरीक जुळवली. याची चावी त्याच्या रकान्यात टाकली, त्याचा पत्ता याला दिला, आणि लागलं लग्न!

पण फोनवालं मशीन अडून बसलं. म्हणे, तीन माणसांची नावं द्या. पहिल्याने उचललं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला. आमच्याकडे कुठली तीन माणसं? पहिला नंबर माझा. दुसरा सासूबाईंचा. तिसरा दत्ताबाबांचाच, कारण ते हट्टालाच पेटले होते, "माझं नाव शेवटी तरी घाल गो." घातलं. तिसऱ्यापर्यंत जातंय कशाला, मी आहे ना!

मला झोपेतून उठवणं मात्र सोपं नाही. म्हणून फोनला मी आवाज लावला पोदेराच्या भोंग्याचा. आमच्याकडे मेलेला माणूस एक वेळ उठणार नाही, पण पाववाल्या पोदेराचं पों-पों ऐकलं की सगळा वाडा पिशवी घेऊन दारात. काय अक्कल माझी! मीच माझी पाठ थोपटली.

दुपारी बाराला सगळं तयार झालं. दत्ताबाबांना कळवलं, सगळं हिरवं आहे, म्हणजे साईट चालू आहे. मग जेवले. उकड्या तांदळाचं शीत, बांगड्याचं हुमण, वर दोन घोट सोलकढी. अहो, एवढं झाल्यावर कोण जागं राहील? पंखा मंद फिरत होता. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, माडाची सावली येऊन जमिनीवर हलत होती. मांजर माझ्या पायाशी येऊन पडलं, आणि मीही गेले.

काय सुंदर स्वप्न पडलं म्हणून सांगू! आमच्या नदीच्या पाण्यावरून पोदेर सायकल चालवत येतोय. चाकं पाण्याला लागतायत पण बुडत नाहीत. मागच्या टोपलीतून गरम गोल पावांची, उंड्यांची, वाफ निघतेय, आणि वाफेचेच ढग होतायत. पों-पों! मी काठावरून हात हलवून म्हटलं, आज नको रे, उद्या ये. तो गोड हसला आणि ढगात शिरला. परत पों-पों! म्हटलं, उद्या म्हटलं ना? किती शांत वाटत होतं. आयुष्यात इतकी शांत मी कधी झोपले नव्हते.

बाहेर, जाग्या जगात, दुपारचा एक वाजून एक मिनिट झालं होतं आणि माझा फोन उशाशी बोंबलत होता.

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. पों-पों ऐकून त्या पिशवी घेऊन फाटकापर्यंत जाऊन आल्या. पोदेर नाही. परत आल्या तर त्यांचाच फोन वाजायला लागला. पलीकडे मशीनची बाई, फाडफाड इंग्रजी.

"कोण गो तू?" सासूबाईंनी विचारलं. "स्नेहा निजलीहा. उठली की सांगतंय तिका. तू जेवलंस?"

बाईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"सावकाश बोल गो बाये. इतकी घाई बरी नाय. घरात कोण कोण आसत तुझ्या?"

आता बोला! ही होती आमची दोन नंबरची इंजिनियर. आकडा काही सासूबाईंनी दाबला नाही. मशीनने पाच मिनिटं वाट पाहिली आणि तिसऱ्याला फोन लावला.

दत्ताबाब गाढ झोपेत होते. कानात आलं ते एवढंच: त्यांच्या दुकानाचं नाव, आणि 'क्रिटिकल'. हा शब्द त्यांनी जन्मात एकदाच ऐकला होता, दवाखान्यात, आणि तो त्यांच्याविषयीच होता. ताडकन उठले. दुकानाला आग लागली! तसेच लुंगी-बनियनवर निघाले, विहिरीवरची बादली भरून घेतली आणि भर उन्हात बाजाराकडे धावले. छातीवरचे टाके जेमतेम सुकलेले!

मला जाग आली अडीचला. सासूबाई सुपारी कातरत होत्या. "गो, एका चेडवाचो फोन इलेलो. गुणी पोर दिसता, पण हट्टी."

फोन बघते तर पंचवीस फोन येऊन गेलेले! सव्विसावा हातात असतानाच वाजला, तो काकींचा. "बाय, हे दुकान उघडून बसलेत!"

"कधी?"

"आत्ता! दुपारी!"

तुम्हाला डिचोलीचा बाजार माहीत नाही. दुपारी एक ते चार तिथे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. त्या वेळेला शटरचा आवाज आला म्हणजे चोरी, नाहीतर आग, नाहीतर मयत. सगळा बाजार उठून आला होता.

मी साईट उघडली. खरंच बंद! झटकन चालू केली. हुश्श! एक मिनिट गेलं आणि परत बंद. मशीनने परत फोनांची फेरी सुरू केली. माझा मी घाईत कापला, साईट दुरुस्त करू की फोन उचलू? दुसरा सासूबाईंना, त्यांनी पुन्हा विचारपूस मांडली. तिसरा दत्ताबाबांना. काकी फोनवर किंचाळल्या, "परत आला गो फोन! हे परत बादली घेऊन उठले!"

पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. आता माझी खात्रीच पटली की आत कुणीतरी चोर बसलाय. मी उघडते, तो लावतो. आणि काय हुशार मेला! एक मिनिटही चुकत नाही. मनातल्या मनात मी त्याला आईमाईवरून शिव्या घातल्या आणि थोडं कौतुकही केलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी लॅपटॉप स्कूटरला अडकवला आणि डिचोली गाठली. वाटभर एकच घोर, म्हाताऱ्याला काही झालं तर काकींना तोंड कसं दाखवू?

दुकानात दत्ताबाब कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसलेले, मांडीवर बादली. भोवती शिंपी, औषधवाला, केळीवाली, सगळ्यांच्या गालांवर चटईचे वळ. काकी त्यांना वारा घालत होत्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काजूच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवला आणि चोराला शोधायला बसले. चार वाजायला पाच मिनिटं असताना सापडला. एक चिमुकली फाइल. दर मिनिटाला घड्याळ बघायची, आणि एक ते चारच्या मधली वेळ असली तर दार लावून घ्यायची, चार वाजले की उघडायची. वर मराठीत एक ओळ लिहिलेली.

"काय लिहिलाय चोरान?" शिंप्याने विचारलं.

मी लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला.

"वाच गो मोठ्यानं," काकी म्हणाल्या.

वाचलं. "दत्ताबाबांची झोप. याला कुणीही हात लावू नये." आणि खाली नाव. माझं.

दत्ताबाबांनी बादली हळूच खाली ठेवली. "अगो, मीच नाही का सांगितलेलं तुला? दुकान बंद आणि साईट उघडी, हे बरं दिसत नाही म्हणून? 'चारला उघडेल' अशी पाटीही लाव म्हटलेलं."

पाटी नंतर लावू म्हटलं होतं मी. राहून गेली. आणि दीड वर्ष साईट रोज तीन तास बंद होत होती, ते मला कधी दिसलं नाही. कसं दिसणार? त्या तीन तासांत मीही झोपलेली!

"म्हणून तर दुपारी मला झोप लागते," दत्ताबाब म्हणाले. "बंदच आहे ती आणखी काय बंद पडणार? फोन आला तेव्हा म्हटलं, साईट तर बंदच आहे, म्हणजे दुकानच पेटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं की सुटकेचं, कुणास ठाऊक. तेवढ्यात चार वाजले. साईट आपसूक उघडली, बाजाराची शटरं वर गेली, आणि दत्ताबाब बसल्या कदेलवर घोरायला लागले. शिंप्याने त्यांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाइकं वाकून आत यायची, कुजबुजत काजू मागायची.

काकी माझ्या कानाशी आल्या. "बाय, मग रात्रीची पण बंद ठेव ना ती."

ठेवली. पाटीसुद्धा लावली. आता दत्ताबाब रात्री आठ तास झोपतात. मुंबईची गिऱ्हाइकं सकाळी मागणी करतात. दोन मशीनं, त्यांची सोयरीक, तीन माणसं, आणि उपाय काय निघाला? कुलूप!

मशीनं अजून आहेत, पण दुकान बंद असलं की त्यांनाही झोपवते. नावांचा क्रम तेवढा काकींनी बदलायला लावला. पहिला नंबर आता सासूबाईंचा, माझा दुसरा.

मी म्हटलं, "काकी, त्यांना मशीनमधलं काय कळतं?"

"नाही कळत," काकी म्हणाल्या. "पण त्या फोन तरी उचलतात."