मिलिंददादांचा उजवा पाय

मी गावोगाव भानामतीविरुद्ध पत्रकं वाटते. अंगात येणं हा आजार असतो नाहीतर ढोंग, हे माईकवर ओरडून सांगते. त्यामुळे खालचं वाचून कुणी ‘बघा, यांच्यातलीच पोरगी कबूल करून राह्यली’ म्हणणार असेल, तर त्यानं इथंच थांबावं. भुतंखेतं मी आजही मानत नाही. पण घडलेलं दडवून ठेवायचं, तेही मला पटत नाही...

जालन्यात आमचं प्रबोधनाच्या गाण्यांचं पथक आहे. मी त्यात ड्रम वाजवते. शिकवलं मिलिंददादांनी. वडीगोद्रीजवळ हायवेवर त्यांच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. उजवा, म्हणजे पेडलचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा ढोल पायानं वाजतो. पेडलची पट्टी दाबली की कापडी गोळ्याचा दांडा, म्हणजे बीटर, ढोलाच्या पानावर आपटतो. बरेच जण टाच उचलून मांडीच्या जोरावर मारतात. आवाज दणदणीत येतो. दादांचं तसं नव्हतं. टाच पट्टीवर टेकलेली, सगळं काम घोट्यातून, आणि ठोका बसला की बीटर लगेच मागं. दाबून धरला की आवाज मरतो, असं ते सारखं सांगायचे. मी टाच उचलणारी. “ढोल वाजवून राह्यली का भाषण देऊन राह्यली?” म्हणायचे.

दादा दवाखान्यातून घरी आल्यानंतर आमचा आष्टीला कार्यक्रम होता, आठवडी बाजारात, भर दुपारी. स्टेज म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून अनवाणीच बसले. उन्हानं पेडलची पट्टी अशी तापली होती की टाच टेकवताच येईना. सगळी गाणी मी चवड्यावर वाजवली.

जालन्याला परतून थेट दादांकडं गेले. ते स्टेशनच्या मागं राहतात. वहिनी पलंगावरची ओली चादर काढत होत्या. म्हणाल्या, दुपारभर हे ‘तळपाय भाजतोय’ म्हणून तळमळत होते, शेवटी जिथं पाय न्हाई तिथंच तांब्यानं पाणी ओतलं.

मी लगेच सुरू झाले. कापलेल्या पायाचा नकाशा मेंदूत शिल्लक राहतो, त्यामुळे नसलेला पाय दुखतो, हे विज्ञान आहे वगैरे. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

“ते बराबर हाय,” म्हणाले. “पण चप्पल घालायची ना, येडे. तापल्या लोखंडावर पाय ठेवतं का कोणी? आन् टाच उचलली ती उचललीच.”

मी चपलेचा विषयही काढला नव्हता. पथकातल्या एकेकाला धरून विचारलं – कुणीच फोन केलेला नव्हता. व्हिडिओ पाहिले. ट्रॉलीच्या कडेचा फाळका आणि पुढं ढोल, माझा पाय कुठंच दिसत नाही.

मग वडीगोद्रीच्या कार्यक्रमात मी तपासायचं ठरवलं. कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला बीटर पानावर दाबून धरला. उतरल्यावर दादांना फोन लावला.

“दुसऱ्या गाण्यात मुद्दाम दाबला ना?” ते म्हणाले. “परीक्षा घेऊन राह्यली का माझी?”

मुद्दाम, म्हणाले. चुकून नाही.

हे इथवरच असतं तर मी लिहिलंही नसतं. पण डॉक्टरांनी कृत्रिम पाय बसवायला सांगितलं होतं, आणि तो घालून चालायला लागलं की हे भास हळूहळू कमी होऊ शकतात असंही. तेव्हापासून दादा माप द्यायलाच जाईनात. तो पाय आला की हा जाईल, मंग मी वाजवू कशानं, एवढंच म्हणायचे.

वहिनी बियाण्याच्या कंपनीत निवडायच्या कामाला जातात. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं.

“तुमचा ढोल चांगला वाजावा म्हणून मी ह्यांना जन्मभर उचलून संडासला नेऊ का? तुझंच ऐकतात ते. सांग.”

मला राग आला. कुणाचा, ते कळेना. दवाखाना सोडून भलत्याला धरून बसणाऱ्यांना मी चौकाचौकात झापते... आणि इथं माझाच जीव त्या नसलेल्या पायात अडकला होता. बाहेर येऊन म्हणाले, “दादा, पाय बसवून घ्या.”

“आन् तू चुकली तर कोण सांगल?”

“चुकू द्या.”

त्यांनी पायजम्याचं दुमडलेलं टोक हातानं सारखं केलं. दुसऱ्या दिवशी वहिनींसोबत माप द्यायला गेले.

आता ते चालतात. योगायोग म्हणा, दादांना माझ्या सवयी पाठ होत्या म्हणा – हे सगळं मी स्वतःला म्हणून पाहिलंय. सवयीत तापलेली पट्टी कुठून आली, ते मला सांगता येत नाही. कमेंटमध्ये कृपा करून तोडगे सुचवू नका. स्पष्टीकरण असेल तर द्या, माझ्याकडे नाही.

नवा पाय अंगवळणी पडल्यावर आम्ही परतूरला वाजवलं. एका गाण्यात मी पुन्हा बीटर दाबून धरला, अख्खं गाणं. दादांचा फोन आला नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर दादांनी स्वतः उठून दार उघडलं.

“कसा झाला कार्यक्रम?” त्यांनी विचारलं.

“चांगला झाला.”

“टाच?”

“टेकली होती.”

खरं बोलतेय की खोटं, ते ओळखायला दादा माझ्या तोंडाकडं बघत राहिले.